आदेशार्थ सादर

मंत्रालयातली टिपणी कशी संपते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला सरकारी नेतृत्वाची अडचण वेगळी समजावून सांगावी लागत नाही. सहायक कक्ष अधिकारी प्रकरणाची पार्श्वभूमी लिहितो, लागू नियम उतरवून काढतो, पूर्वदाखला असेल तर पताका लावून जोडतो आणि शेवटची ओळ टाकतो : 'आदेशार्थ सादर'. त्याखाली कक्ष अधिकाऱ्याची सही, मग अवर सचिवाची, मग उपसचिवाची. नस्ती, म्हणजे त्या प्रकरणाची फाइल, जिना चढत जाते. या जिन्यावर पंचवीस-तीस वर्षं घालवलेला माणूस एके दिवशी अशा खुर्चीत बसतो, की जिथून नस्ती वर पाठवायला मजलाच उरत नाही. आता आदेश त्यानेच द्यायचा असतो.

बाहेरच्या माणसाला ही बढती म्हणजे त्याच कामाचा मोठा आकार वाटतो. प्रत्यक्षात काम बदललेलं असतं, नाव तेवढं तेच असतं. खालच्या टेबलावर उत्तम ठरतो तो चूक पकडणारा : जोडपत्र ब गहाळ आहे, शासन निर्णयाचा दिनांक चुकला आहे, वित्त विभागाचा अनौपचारिक संदर्भ क्रमांक नमूद नाही. प्रकरण का होऊ शकत नाही, हे शोधण्यात तो तरबेज असतो, आणि ते त्याचं कामच असतं. वरच्या टेबलावर मात्र कागद पूर्ण असतात, दोन्ही बाजू नियमात बसतात, माहिती अर्धवट असते, आणि तरी उद्या अकराच्या आत काहीतरी ठरवावंच लागतं. पहिल्या कामाची पंचवीस वर्षांची तालीम दुसऱ्या कामाच्या आड येते. तालीम वाईट होती म्हणून येत नाही. ती फार चांगली झाली होती म्हणून येते.

या दोन टेबलांच्या मधली जागा म्हणजे खरं तर प्रशिक्षणाची जागा. आपण तिथे काय ठेवलं आहे ते पाहू.

सुरुवातीला परीक्षा आहेत, आणि पुष्कळ आहेत. लिपिक म्हणून लागतानाच टंकलेखनाचं प्रमाणपत्र लागतं, मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट. महसुलात आला की दुय्यम सेवा परीक्षा, पुढे महसूल अर्हता परीक्षा, शिवाय मराठी-हिंदी भाषा परीक्षा. थेट आलेल्या तहसीलदार-उपजिल्हाधिकाऱ्यांना त्यांची विभागीय परीक्षा. ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या संधींत सुटला नाही तर ज्येष्ठता जाते. म्हणून कर्मचारी या परीक्षांना घाबरतो आणि अभ्यासही करतो. काही पेपर पुस्तकासह असतात, काही पुस्तकाशिवाय. पुस्तकासहचा पेपर सोपा वाटतो, पण खरी कामाची परीक्षा तीच : नियम कुठे आहे हे ठाऊक असणं, तो पाठ असण्यापेक्षा उपयोगाचं. मात्र या साऱ्या परीक्षा आज आहोत त्या किंवा लगेच पुढच्या पदाच्या नियमांपुरत्या असतात. आणि वयाच्या ४५व्या वर्षी अनेक विभागीय परीक्षांतून सूट मिळते. म्हणजे ज्या वयात माणूस अधिकारपदाच्या दारात पोचतो, नेमक्या त्याच वयात व्यवस्था त्याला सांगते की आता शिकलं नाहीस तरी चालेल. सूट देण्यामागे कणव आहे, हे मान्य. पण त्या कणवेने एक संकेतही दिला आहे आणि तो सगळ्यांनी बरोबर वाचला आहे.

थेट भरतीने येणाऱ्यांचं नशीब वेगळं. लोकसेवा आयोगातून आलेल्या गट 'अ' आणि 'ब'च्या परिविक्षाधीन, म्हणजे चाचणीच्या काळातल्या, अधिकाऱ्यांसाठी महाराष्ट्राने २०१४मध्ये एकत्रित परिविक्षाधीन प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला, दोन वर्षांचा. भारतीय प्रशासकीय सेवेत आलेला तरुण मसुरीच्या प्रशासन अकादमीत पायाभूत अभ्यासक्रम करतो, पहिला टप्पा करतो, वर्षभर जिल्ह्यात राबतो, परत येऊन दुसरा टप्पा करतो. इतकंच नाही, तर २००७पासून त्याच्यासाठी मध्यसेवा प्रशिक्षण आहे : सेवेच्या सात-नऊ वर्षांच्या सुमारास तिसरा टप्पा, चौदा-सोळाच्या सुमारास चौथा, सव्वीस-अठ्ठावीसच्या आसपास पाचवा. यातला शहाणपणाचा भाग असा की हे टप्पे कामाचं स्वरूप बदलतं त्या वळणांवर बसवले आहेत. तिसरा टप्पा जिल्हा सोडून धोरणाकडे वळताना येतो, पाचवा सचिवपदाच्या उंबरठ्यावर.

आता याच सेवेतला दुसरा दरवाजा बघा. राज्याच्या संवर्गातल्या वरिष्ठ पदांपैकी एकतृतीयांशाच्या आसपास जागा पदोन्नतीने व निवडीने भरल्या जातात; पदोन्नतीचे विनियम १९५५चे. उपजिल्हाधिकारी म्हणून किमान आठ वर्षं लागतात, प्रत्यक्षात वीस-पंचवीस जातात. निवड समिती संघ लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षांच्या किंवा सदस्यांच्या अध्यक्षतेखाली बसते आणि मुख्यतः गोपनीय अहवाल पाहते. नियुक्ती झाली की मसुरीला काही आठवड्यांचं प्रवेश प्रशिक्षण. म्हणजे बावीस-पंचवीस वर्षांच्या मुलाला दोन वर्षं आणि पन्नाशीतल्या माणसाला काही आठवडे. यावर ठरलेलं उत्तर असतं, 'त्यांना अनुभव आहे की!' आहे ना. प्रश्न अनुभव कशाचा आहे एवढाच आहे. तालुका आणि प्रांत त्याला तळहातासारखे ठाऊक असतात. मंत्रिमंडळासमोर ठेवायची टिपणी, केंद्राच्या योजनेतला राज्याचा हिस्सा, न्यायालयात शासनाचं शपथपत्र, दोन सचिवांमधला तिढा, यांच्याशी त्याची गाठ पडलेली नसते. त्याच्यासाठी नेमकं एवढंच शिकवणारं काही हवं. पायाभूत प्रशासनाचा संक्षिप्त काढा त्याला नको असतो.

सैन्यदलाकडे पाहिलं की ही गोष्ट आणखी उघडी पडते. मेजर हुद्द्याचा अधिकारी स्पर्धा परीक्षा देऊन वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात जातो. पुढे काहींना महूचा हायर कमांड अभ्यासक्रम मिळतो. ब्रिगेडियर पातळीवर दिल्लीचं राष्ट्रीय संरक्षण महाविद्यालय. तिथे शिक्षण पुढच्या जबाबदारीच्या आधी येतं, आणि ते मिळालं नाही तर पुढची वाट अरुंद होते. नागरी बाजूला शिक्षण बहुतेकदा नंतर येतं, झालेल्या बढतीला लावलेल्या हळदीकुंकवासारखं. गंमत अशी की या राष्ट्रीय संरक्षण महाविद्यालयाचे दरवाजे नागरी सेवांनाही उघडे आहेत. १९६०मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचा अभ्यासक्रम ४७ आठवड्यांचा. प्रशासन, परराष्ट्र, पोलीस अशा सेवांतले अधिकारी तिन्ही दलांच्या आणि मित्रदेशांच्या अधिकाऱ्यांबरोबर बसतात, देशभर अभ्यासदौरे करतात, प्रबंध लिहितात. तिकडे दिल्लीच्या भारतीय लोकप्रशासन संस्थेत सुमारे दहा महिन्यांचा प्रगत अभ्यासक्रम १९७०च्या दशकापासून चालतो.

इतक्या लांब अभ्यासक्रमांचा मोठा फायदा वर्गात शिकवलेल्या विषयांत नसतो. रोजची डाक थांबते, हा असतो. वीस वर्षांत पहिल्यांदाच माणूस एखाद्या प्रश्नावर सलग आठ दिवस विचार करतो. त्याला शेजारी बसलेला नौदलाचा माणूस विचारतो, 'पण तुमच्याकडे हे ठरवतं कोण?' आणि त्याला कळतं की आपल्याकडे हे कोणीच ठरवत नाही, ते घडत जातं. अडचण परत आल्यावर सुरू होते. जो विषय शिकला त्याच्याशी संबंध नसलेल्या खात्यात नेमणूक, किंवा काही काळ नेमणुकीच्या प्रतीक्षेत. म्हणून हुशार अधिकाऱ्यांच्या मनात लांब अभ्यासक्रमाविषयी एक गुप्त हिशेब असतो : वर्षभर नजरेआड जाणं परवडेल का? हा हिशेब चुकीचा आहे असं छातीठोकपणे सांगता येत नाही, हीच खरी पंचाईत.

धोरणं कमी नाहीत. केंद्राचं राष्ट्रीय प्रशिक्षण धोरण १९९६चं, सुधारित २०१२चं. त्यात प्रत्येक मंत्रालयाने वेतनाच्या तरतुदीच्या किमान २.५ टक्के रक्कम प्रशिक्षणासाठी बाजूला काढावी असं स्पष्ट म्हटलं आहे. महाराष्ट्राचं राज्य प्रशिक्षण धोरण २०११चं. त्यात सेवाप्रवेशानंतरचं पायाभूत, पदोन्नतीनंतरचं, बदलीनंतरचं आणि उजळणीचं, असे प्रकार मांडलेत. 'पदोन्नतीनंतरचं' हा शब्द पुन्हा वाचावा. शिखर संस्था म्हणून पुण्याच्या बाणेर रस्त्यावरची यशदा आहे. तिची मुळं १९६३मध्ये मुंबईत निघालेल्या प्रशासकीय कर्मचारी महाविद्यालयात. १९८४मध्ये ती पुण्याला आली, १९९०मध्ये तिला यशवंतराव चव्हाणांचं नाव मिळालं. नागपूरला वनामती ही कृषी विस्ताराची प्रशिक्षण संस्था आहे. इमारती, वसतिगृहं, वर्गखोल्या, व्याख्याते, सगळं आहे.

कमतरता असते ती बाकावर बसलेल्या माणसाच्या निवडीत. नामनिर्देशन मागवणारं पत्र कार्यालयात येतं तेव्हा पहिला प्रश्न 'कोणाला गरज आहे?' हा नसतो, 'कोणाला सोडता येईल?' हा असतो. ज्याच्या गैरहजेरीने काही अडत नाही तो जातो. त्यामुळे एकच माणूस वर्षात चौथ्यांदा ताणतणाव व्यवस्थापन शिकून येतो आणि ज्याच्यावर खरा ताण आहे तो तिथेच राहतो. कधी चार महिन्यांनी निवृत्त होणाऱ्याला पाठवतात. त्याला पुणंही बघून होतं. जो कामाचा माणूस चुकून येतोच, त्याचा फोन वर्गाच्या दाराबाहेर वाजत राहतो, कारण त्याचा कार्यभार कागदावर दुसऱ्याकडे दिलेला असतो आणि डोक्यात त्याच्याकडेच असतो. यावरचा उपाय साधा आहे, फक्त कार्यालय प्रमुखाला टोचतो : प्रशिक्षणाच्या काळात त्या पदाचे आदेश दुसऱ्याच्याच सहीने निघाले पाहिजेत. तसं झालं की एकाऐवजी दोन माणसं शिकतात. गेलेला वर्गात शिकतो आणि राहिलेला त्याच्या खुर्चीवर.

दुसरी चूक निदानातली. केंद्राच्या प्रशिक्षकांसाठीच्या अभ्यासक्रमांत प्रशिक्षणाची गरज शोधायची एक पद्धत शिकवतात. काम नीट होत नसेल तर कारण तीनपैकी कुठे आहे ते आधी पाहा : परिस्थितीत, प्रेरणेत की वर्तनात, म्हणजे ज्ञान-कौशल्य-वृत्तीत. प्रशिक्षण फक्त तिसऱ्यावर लागू पडतं. सर्व्हर बंद पडतो म्हणून सातबाराची नोंद रखडत असेल तर मंडळ अधिकाऱ्याला 'सुशासन' शिकवून नोंद पुढे सरकणार नाही. पाच वर्षं पदोन्नती समितीची बैठकच झाली नसेल तर प्रेरणेवरच्या व्याख्यानाला समोरचे लोक हसतात, आणि तोंड लपवून हसतात म्हणून व्याख्यात्याला ते दिसत नाही. तरीही कोणतंही दुखणं आलं की 'प्रशिक्षण आयोजित करावे' हा शेरा मारणं सोयीचं असतं, कारण तो मारणाऱ्याला स्वतःचं काही बदलावं लागत नाही.

मग वरच्या जागेसाठी नेमकं शिकवायचं काय? दोन गोष्टींपाशी थोडं थांबतो.

पहिली, अर्धन्यायिक आदेश. महसूल अधिकारी चढत्या पदांवर अधिकाधिक वेळ न्यायाधीशासारखा वागतो, आणि हे काम त्याला जवळजवळ कोणीच शिकवलेलं नसतं. जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त करता येतो. म्हणजे 'पाटील'चं 'पाटिल' झालं, गट क्रमांकाचे आकडे उलटले, असं काही. पण वारसाचा हक्क, वाटपाचा वाद अशी मुळातली भांडणं या कलमात कोंबून 'दुरुस्ती' केली जाते, आणि जिथे कलम २४७ खालचं अपील हवं होतं तिथे एका ओळीच्या आदेशाने मालक बदलतो. वर गेलं की तो आदेश टिकत नाही. दुसरी ठरलेली चूक विलंबमाफीची. अपील मुदतीनंतर दाखल झालेलं असतं. अधिकारी विलंबावर वेगळा निर्णय न देता थेट गुणवत्तेवर जातो, आणि चांगला आदेश एवढ्या एका कारणाने परत फेरनिर्णयासाठी येतो. तिसरी सर्वांत जुनी : सुनावणी साहेबांनी घेतली, आदेश कारकुनाने लिहिला. त्यात दोन्ही बाजूंचं म्हणणं सविस्तर असतं, मग 'सबब मी खालीलप्रमाणे आदेश पारित करतो' असतं, आणि मधे जिथे कारण असायला हवं तिथे काहीच नसतं. का, हे लिहिलेलं नसतं, कारण ज्याने लिहिलं त्याला ते माहीत नव्हतं आणि ज्याला माहीत होतं त्याने लिहिलं नाही.

हे व्याख्यानाने सुधारत नाही. चालतं ते असं : वरच्या प्राधिकाऱ्याने फिरवलेले दहा-बारा खरे आदेश घ्यायचे, नावं काढायची, निकालाचं शेवटचं पान काढून टाकायचं. पंचवीसच्या वर गट नको. प्रत्येकाने एकट्याने, हाताने, दीड तासात सकारण आदेश लिहायचा : मुद्दे, प्रत्येक मुद्द्यावर निष्कर्ष, निष्कर्षाला कारण, शेवटी अंमलबजावणी कोणी किती दिवसांत करायची. मग मूळ आदेश आणि तो फिरवणारा आदेश दोन्ही वाचायला द्यायचे. पहिल्या दिवशी बहुतेकांची घटनाक्रमात तीन पानं जातात आणि कारणाला चार ओळी उरतात. तिसऱ्या दिवशी प्रमाण उलटायला लागतं. यापेक्षा लवकर काही होत नाही; एका दिवसाच्या कार्यशाळेत हे उरकणाऱ्यांनी वेळापत्रक वाचवलं, इतकंच.

दुसरी गोष्ट, टपालाचा सराव. इंग्रजीत याला इन-ट्रे म्हणतात आणि आपल्याकडेही तोच शब्द रुळला आहे. प्रशिक्षणार्थ्याला सांगायचं : तुम्ही आज सकाळी नव्या पदावर रुजू झालात, दोन तासांनी तुम्हाला दौऱ्यावर निघायचं आहे, स्वीय सहायक रजेवर आहे, टेबलावर चोवीस कागद आहेत. प्रत्येक कागदावर काय कराल ते लिहा. त्या चोवीसांत विधिमंडळातल्या उद्याच्या लक्षवेधी सूचनेचं उत्तर असतं, अवमान याचिकेची नोटीस असते, माहिती अधिकारातलं पहिलं अपील असतं ज्याची ४५ दिवसांची कमाल मुदत परवा संपते, निवृत्त शिपायाचं रखडलेलं निवृत्तिवेतन असतं, महालेखापालांचा लेखापरीक्षणातला परिच्छेद असतो, आमदारांचं बदलीसाठीचं पत्र असतं, धरणातून विसर्ग वाढवल्याचा नियंत्रण कक्षाचा संदेश असतो. तीन कागदांवर लाल शाईत 'अतितातडीचे' लिहिलेलं असतं आणि तिन्ही तातडीचे नसतात. दोन कागद वेगवेगळ्या शाखांचे असतात, पण एकत्र वाचले तर कळतं की एकाच जागेवर एक शाखा अतिक्रमण काढते आहे आणि दुसरी तिथेच मुलभूत सुविधांचं काम मंजूर करते आहे.

होतं काय? नस्तीवर वाढलेला माणूस वरचा कागद उचलतो. तो पूर्ण करतो. मग दुसरा. दीड तासात अकरा कागद अतिशय नेटके होतात आणि विसर्गाचा संदेश सतराव्या क्रमांकावर तसाच पडून राहतो. आधी चोवीसही कागद चाळावेत, असं सांगूनही सुचत नाही. कारण वीस वर्षं कागद त्याच्याकडे एकेक करून आले होते आणि कुठला आधी हे दुसऱ्याने ठरवलं होतं. तपासताना मग उत्तरांच्या भाषेला गुण देऊ नयेत. स्वतःकडे काय ठेवलं, कोणाला काय सोपवलं, सोपवताना मुदत घातली का, आणि काय जाणूनबुजून सोडून दिलं, एवढंच पाहावं. शेवटचा रकाना बहुतेकांचा रिकामा असतो. काहीच सोडायचं नाही, हे खालच्या टेबलाचं ब्रीद.

सोपवणं हा तर स्वतंत्र आजार आहे. बढती मिळालेला अधिकारी आपलं जुनं काम बरोबर घेऊन वर येतो. मसुद्यातलं 'सदर' खोडून 'सदरहू' करत बसणारा उपसचिव सर्वांनी पाहिला आहे. त्याला ते काम येतं, आवडतं, आणि त्यात कोणताही धोका नाही. आपल्याकडे २००५चा बदल्यांचा आणि विलंब प्रतिबंधाचा कायदा आहे. बदल्यांपुरताच तो लोकांच्या लक्षात राहिला, पण त्यात अंतिम निर्णयासाठी नस्तीचे स्तर तीनपेक्षा जास्त असू नयेत अशीही तरतूद आहे आणि कोणत्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असंही म्हटलं आहे. वरिष्ठ पदाच्या कोणत्याही अभ्यासक्रमात एक गृहपाठ सक्तीचा करावा : आपल्या शाखेतल्या मागच्या महिन्याच्या वीस नस्ती घ्या, प्रत्येकीवर किती सह्या आहेत मोजा, आणि कोणत्या सहीने मजकुरात एका शब्दाचीही भर घातली नाही ते पेन्सिलीने गोल करा. गोल करताना माणसं गप्प होतात. त्यात त्यांचीही सही असते.

नेतृत्व म्हटलं की डोळ्यांसमोर भाषण येतं, म्हणून एक जुनं उदाहरण पुन्हा सांगावंसं वाटतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे जिल्हाधिकारी असलेल्या अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयातल्या प्रत्येक टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायला लावले : चालू प्रकरणं, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं (म्हणजे ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रं), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. सहा गठ्ठे पद्धत म्हणून ती राज्यभर गेली. पुढे पुण्याच्या विभागीय आयुक्तपदावर असताना चंद्रकांत दळवी यांनी 'झीरो पेंडन्सी', म्हणजे काहीच प्रलंबित न ठेवण्याची मोहीम, राबवली तिचंही नातं याच घराण्याशी. दोन्हीत नवा कायदा नव्हता, निधी नव्हता. कारकुनाच्या टेबलावर नेमकं काय चालतं हे वरच्या माणसाला माहीत होतं. खालून वर आलेल्यांकडे हे ज्ञान आयतं असतं. प्रशिक्षणाने ते पुसून 'व्हिजन' शिकवण्यापेक्षा त्याच्यावर उभं राहायला शिकवलं तर कितीतरी बरं.

अलीकडचा मोठा बदल म्हणजे मिशन कर्मयोगी, सरकारी कर्मचाऱ्यांच्या क्षमता वाढवण्याचा केंद्राचा कार्यक्रम. २ सप्टेंबर २०२०ला केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मान्यता दिली, पाच वर्षांसाठी ५१०.८६ कोटी रुपयांची तरतूद आणि सुमारे ४६ लाख केंद्रीय कर्मचारी नजरेसमोर ठेवून. २०२१मध्ये क्षमता बांधणी आयोग आला. आयगॉट नावाचा ऑनलाइन मंच आहे, मोबाइलवर चालतो. नियमाऐवजी भूमिकेवरून सुरुवात करायची, म्हणजे त्या पदाला कोणत्या क्षमता लागतात ते आधी ठरवायचं, ही त्यातली मूळ कल्पना अगदी योग्य आहे. शिकण्याचं ७०-२०-१० असं प्रमाणही त्यात मानलं आहे : सत्तर टक्के कामातून, वीस टक्के सहकाऱ्यांकडून, दहा टक्के वर्गातून. पण मोजायला सोपे ते दहा टक्केच. म्हणून तेच मोजले जातात. ऑक्टोबर २०२४च्या राष्ट्रीय अध्ययन सप्ताहात प्रत्येकाने किमान चार तास शिकावं असं लक्ष्य होतं. असं लक्ष्य खाली पोचेपर्यंत त्याचं 'प्रमाणपत्रांची संख्या तात्काळ कळवावी' होतं, आणि मग एका खिडकीत चित्रफीत चालते, दुसऱ्या खिडकीत सेवार्थ या वेतनप्रणालीतलं देयक. प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार स्तर डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९मध्ये मांडले : आवडलं का, कळलं का, वागण्यात उतरलं का, कामावर परिणाम झाला का. आपलं अभिप्राय पत्रक पहिल्या स्तरावरच संपतं. त्यात जेवणाबद्दलचा रकाना सर्वांत मनापासून भरलेला असतो.

वागण्यात उतरण्याच्या आड भीतीही येते, आणि तिला नाव द्यायला हवं. निर्णय घेतल्याबद्दल चौकशी होते. न घेतल्याबद्दल क्वचितच. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८मध्ये दुरुस्ती होऊन, सार्वजनिक हित नसताना कोणाला लाभ झाला एवढ्यावरून अधिकाऱ्याला गुन्हेगार ठरवू शकणारं जुनं कलम गेलं आणि पदाच्या अधिकारात घेतलेल्या निर्णयांच्या चौकशीआधी पूर्वमान्यतेची अट आली. कितीजणांना हे प्रशिक्षणात नीट सांगितलं जातं? निर्णयाच्या दिवशी उपलब्ध माहिती काय होती, कोणते पर्याय होते, हाच का निवडला, हे नस्तीवर पाच ओळींत त्याच दिवशी लिहून ठेवणं हे सर्वांत स्वस्त संरक्षण. दहा वर्षांनी चौकशी अधिकाऱ्यासमोर स्मरणशक्ती उभी राहत नाही, टिपणी उभी राहते.

आणि शेवटी ती तारीख. खासगी कंपनीला आपला माणूस कधी सोडून जाईल हे ठाऊक नसतं. सरकारला प्रत्येकाच्या निवृत्तीचा दिवस तो रुजू होतो त्याच दिवशी ठाऊक असतो. राज्यात ५८ वर्षं, भारतीय प्रशासकीय सेवेत ६०, सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर जन्मतारीख. महाराष्ट्रात तर त्यातही एक सोय आहे. गुरुजींनी शाळेत नाव घालताना निम्म्या गावाचा जन्म १ जूनला घडवून आणला, आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून ३१ मेला कार्यालयांतून निरोप समारंभांची रांग लागते. इतकी पंचांगासारखी ठरलेली गोष्ट दरवर्षी अचानक घडल्यासारखी घडते आणि १ जूनला त्या खुर्च्यांचा अतिरिक्त कार्यभार शेजारच्या खुर्चीकडे जातो.

कार्यभार हस्तांतरणाच्या प्रमाणपत्रावर दोन सह्या असतात : देणाऱ्याची मध्यान्होत्तर, घेणाऱ्याची मध्यान्हपूर्व. सोबत किल्ल्या, शिक्के, कपाटाची यादी. चालू न्यायालयीन प्रकरणं, येत्या नव्वद दिवसांत घ्यावे लागणारे निर्णय, तोंडी दिलेली आश्वासनं, कोणत्या कंत्राटदाराशी काय बिनसलं आहे, कोणता कर्मचारी कशासाठी विश्वासाचा, यासाठी रकाना नाही. चार पानांत हे सगळं मावतं. त्याहून बरं म्हणजे येणाऱ्याने जाणाऱ्याबरोबर एक महिना बसावं. पहिले दोन आठवडे त्याने नस्ती वाचाव्यात, पुढचे दोन आदेशांचे मसुदे त्यानेच लिहावेत आणि जुन्या माणसाने सही करण्याआधी त्यावर वाद घालावा. कामातून शिकण्याच्या त्या सत्तर टक्क्यांतला इतका दाट महिना दुसरीकडे मिळणार नाही. असा प्रस्ताव पाठवून पाहावा. आस्थापना शाखेचा शेरा येतो, की एका मंजूर पदावर एकाच वेळी दोघांचं वेतन आहरित करता येत नाही. सबब प्रस्तावाबाबत वित्त विभागाचे अभिप्राय घेणे उचित होईल किंवा कसे, आदेशार्थ सादर.